संदेश माझा, भाषांतर पपांचं

२ ऑक्टोबर, बुधवार

मी कोरियाला चालले. हे वाक्य लिहून पुन्हापुन्हा वाचलं, तरी खरं वाटेना.

सकाळच्या प्रार्थनेनंतर पपांनी सगळ्या मुलींसमोर जाहीर केलं. पपा म्हणजे आमचे पाळक, रेव्हरंड याकोब आढाव. पडेगावचं हे होस्टेल त्यांनी काढलं, म्हणून इथल्या चाळीसेक मुली त्यांना पपाच म्हणतात. मी पाचवीत आले तेव्हापासून म्हणते. आता सेमिनरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लहान मुलींची वॉर्डन झाले, तरी तोंडातून 'सर' निघत नाही. कोरियातल्या ज्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मदतीवर होस्टेल चालतं, तिथं पपा तीन वर्षं शिकायला होते. त्या मंडळीच्या रविवारच्या उपासनेत मी संदेश द्यायचा. मी, तबिथा साळवे! आमच्या वर्गातल्या मुलांना अजून घरसभेतसुद्धा कोणी पाच मिनिटं बोलू देत नाही. तिमथी अभिनंदन करताना कारलं खाल्ल्यासारखा दिसत होता. मला फार बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

संध्याकाळी मुकुंदवाडीला जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, कडुबा साळवे. लोडिंग रिक्षा चालवतात आणि चालवताना मोठमोठ्यानं भजनं म्हणतात. मला वाटलं होतं आज गल्ली डोक्यावर घेतील. पण ते ताडपत्री बांधत होते, ती बांधतच राहिले.

"संगं कोण हाय?"

"पपा आणि मम्मी." पपांच्या बायकोला आम्ही मम्मी म्हणतो.

"मंग बरं हाय." आणि थोड्या वेळानं, "थंडी असंल तिकडं."

झालं! मी चौथीत असताना आई गेली, तेव्हापासून या माणसाचं असंच आहे. आनंद झाला की हवापाण्यावर बोलतात. मीही बजावून आले की परत आल्यावर पुढचा संदेश आपल्या चर्चमध्ये, आणि तुम्ही पहिल्या बाकावर. होस्टेलच्या कार्यक्रमांतसुद्धा त्यांनी मला बोलताना एकदाही ऐकलेलं नाही. दर वेळी नेमकं कुठलं तरी भाडं निघतं. जगात कोणाची शाबासकी हवी असेल तर ती याच माणसाची, हे मी त्यांना सांगणार नाही. इथं लिहून ठेवते.

९ ऑक्टोबर, बुधवार

संदेश तयार. घर सोडून गेलेला मुलगा परत येताना दिसतो आणि म्हातारा बाप सगळी लाज सोडून धावत सुटतो, तो दाखला घेतला. या दाखल्यावर आजवर किती संदेश झाले असतील देव जाणे. पण धावणारा बाप मी डोळ्यांनी पाहिला आहे.

नववीत होते. नाताळची सुट्टी संपवून होस्टेलला परत निघाले आणि भाकरीचा डबा घरी राहिला. बस सुटली, मागं बघते तर अण्णा पळत येताहेत, एका पायात चप्पल, हातात डबा. सिग्नलला बस थांबली म्हणून सापडली. कंडक्टरनं त्यांनाच झापलं आणि तिकीट काढायला लावलं. अण्णा धापा टाकत म्हणतात, "मला कुठं जायचं नाय सायेब, भाकरीला जायचंय." अख्खी बस हसली. मी तेव्हा लाजेनं मेले होते. आता वाटतं, देव बाप आहे म्हणजे कसा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आज अण्णांना म्हटलं, बसा, वाचून दाखवते. बसची गोष्ट आली तसे ते उठले.

"मपलं काय सांगू नको तिथं."

"कामून?" मी त्यांच्याच सुरात विचारलं.

"उगंच. देवाचं सांग. मपलं काय त्यात?"

लाजाळूचं झाड! मी अर्थातच गोष्ट काढणार नाही. पपांना ती इतकी आवडली की हसून हसून त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "बेटा, मराठीतच बोल, जीव ओतून. वाक्यामागून वाक्य मी कोरियन करतो. फक्त 'अण्णा पळत होते' म्हणालीस की थांब. तिथं मला जरा वेळ लागेल." भाषांतर करणाऱ्याची जागा आधीच सोडून ठेवायची असते, हे मला माहीत नव्हतं. पपांकडून अजून किती शिकायचं आहे!

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. डेगू

पोचलो, कोरियातल्या त्या मंडळीच्या शहरात. घरातली जमीन आतून गरम असते, तिच्यावरच झोपायचं. पहाटे प्रार्थनेला चर्च भरलेलं. आमच्याकडे नाताळलासुद्धा लोक सहानंतर उगवतात.

माणसं प्रेमळ आहेत, पण त्यांचं प्रेम जरा गंभीर आहे. माझा हात दोन्ही हातांत धरतात आणि डोळ्यांत बघत राहतात. एका बाईनं केसांवरून हात फिरवला आणि पपांना काहीतरी विचारलं. पपा मान हलवून 'हो' म्हणाल्यासारखे वाटले. मी विचारलं, काय म्हणत होत्या? "तू फार धीराची आहेस म्हणाल्या." विमानात दोनदा ओकले, त्यांना कोण सांगणार?

२० ऑक्टोबर, रविवार

कसं लिहू? झाला. माझा पहिला संदेश झाला.

पुलपिटवर चढले. पपा शेजारी, दुसऱ्या माइकवर. मी एक वाक्य, ते एक वाक्य. पहिली पाच मिनिटं कागदावरून नजर उचलली नाही. मग सूर लागला. बसच्या गोष्टीला आले, 'अण्णा पळत होते' म्हटलं आणि ठरल्याप्रमाणे थांबले. पपा बोलत राहिले, बरंच. मी हसण्याची वाट पाहत होते.

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बाईनं रुमाल तोंडाला लावला. मग तिच्या शेजारची. मी कंडक्टरचं सांगितलं, तर मागून हुंदका आला. 'भाकरीला जायचंय' म्हटलं तेव्हा निम्मं चर्च रडत होतं. पुरुषसुद्धा. माझ्या मनात आलं, अरे, हे विनोदी आहे! पण मग वाटलं, मला विनोदी वाटतं ते यांना त्यापलीकडचं दिसत असेल. पपांच्या बोलण्यात 'आबोजी' शब्द सारखा येत होता. तेवढा एकच मला कळतो, इथल्या प्रार्थनेत ऐकून: पिता. म्हणजे ते देवबापाविषयी बोलत होते. माझ्या साध्या गोष्टीला त्यांनी किती उंचीवर नेलं.

खाली उतरले तर माणसं रांग लावून उभी. सगळे माझ्यापुढं वाकत होते. मला देवाचं बोलावणं आहे यात आता शंका नाही. अण्णा इथं हवे होते, पाच मिनिटं का होईना.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

युन आजींनी घरी बोलावलं. परवा रुमाल पहिल्यांदा काढला त्याच. पपांनी वाटेत सांगितलं की होस्टेलमधल्या माझ्या शिक्षणाचा भार पहिल्यापासून या आजींनी उचलला आहे. त्यांच्या भिंतीवर माझा दोन वेण्यांतला फोटो आहे, पाचवीतला, नाकात शेंबूड. मला भरून आलं. त्यांना मी 'हालमोनी' म्हणते, म्हणजे आजी.

जेवणाआधी घरात एक छोटी उपासना झाली. सगळे काळ्या कपड्यांत, टेबलावर पांढरी शेवंती. पपांनी प्रार्थना केली, आजी रडल्या आणि मला जवळ ओढून घेतलं. पपा म्हणाले, गेलेल्यांची आठवण करण्याची यांची पद्धत आहे. भिंतीवर आजींच्या नवऱ्याचा फोटो होता, म्हणजे त्यांचीच पुण्यतिथी असणार. मी त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थना केली आणि मोठ्यानं आमेन म्हटलं. आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. परक्या माणसाच्या दुःखात आपल्याला असं सामील करून घेतात, हे आपल्याकडे कुठं आहे?

२६ ऑक्टोबर, शनिवार

घरी. अण्णांसाठी कानटोपी आणली, ती त्यांनी ऑक्टोबरच्या उकाड्यात घालून दाखवली. मी सगळं सांगितलं. गरम जमीन, वाटीएवढ्या ताटल्या, माझं बोलणं, लोकांचं रडणं. ते कानटोपीच्या गोंड्याशी खेळत ऐकत होते.

"रडले?"

"धाय मोकलून! तुमच्या डब्यावर."

शेवंतीच्या उपासनेचंही सांगितलं. "कोणाची व्हती?" त्यांनी विचारलं.

"आजींच्या मालकांची असेल."

"असंल," म्हणाले आणि कानटोपी काढून ठेवली.

३० डिसेंबर, सोमवार

दोन महिने काही लिहिलं नाही. परीक्षा, नाताळ, मुलींचा गोवर.

आजची बातमी: जानेवारीत कोरियाची मंडळी इथं येणार, युन आजीसुद्धा. वेरूळ बघणार आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये उपासना. संदेश मी देणार! मी लगेच म्हटलं, अण्णांना पहिल्या बाकावर बसवते. पपा दाढीचे केस कुरवाळत म्हणाले, "त्या रविवारी अण्णांना वैजापूरहून होस्टेलचा कांदा आणायचा आहे, बेटा. मी सांगितलंय त्यांना."

कांदा! रविवारी! दुसऱ्या दिवशी आणला तर सडणार आहे का? अण्णांना फोन केला तर ते म्हणतात, "साहेबांनी सांगितलंय तर जातो की." मग आठवलं, पाहुणे येतात तेव्हा अण्णांना नेहमी काही ना काही काम निघतं. मी समजत होते त्यांना पाहुण्यांची लाज वाटते. द्वारकाबाईंना, आमच्या स्वयंपाकिणीला, विचारलं. त्या पीठ मळत होत्या. "मोठ्या लोकायचं मोठ्या लोकायला ठावं, बाई," म्हणाल्या आणि परातीतून मान वर केली नाही.

१३ जानेवारी, सोमवार

आजचं सगळं लिहून काढायचं.

मंडळी गुरुवारी येणार, पण मिस चोई आज आल्या, तयारी बघायला. त्या दिल्लीत कोरियन शिकवतात, फाडफाड हिंदी बोलतात. दुपारी अंगणात चहा घेताना म्हणाल्या, "मैंने आपका प्रवचन देखा. हमारे चर्च ने वीडियो डाला है. पिताजी वाली बात पर मैं बहुत रोई."

मी हसून म्हटलं, सगळेच रडले, मला अजून कळलेलं नाही का. त्या माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागल्या. म्हणाल्या, कोणाचे वडील असे गेले तर माणूस रडणारच.

मी एवढंच म्हटलं, मला कोरियन येत नाही, पपांनी कसं सांगितलं ते ऐकायचं आहे. त्यांना वाटलं मला कौतुक ऐकायचंय. मोबाइल दोघींच्या मध्ये ठेवला आणि पपांचं एकेक वाक्य हिंदीत सांगत गेल्या.

मी म्हणते, माझे अण्णा रिक्षा चालवतात आणि भजनं म्हणतात. पपा म्हणतात, माझा बाप दारुडा होता, आईला मारायचा, मला प्रार्थनेला जाऊ द्यायचा नाही. मी म्हणते, अण्णा पळत होते. आणि थांबते, शहाण्यासारखी. त्या थांबलेल्या जागेत पपांनी अण्णांना बसखाली घातलं. दारूच्या नशेत मला परत न्यायला पळत आला, चाकाखाली गेला, आणि मरताना पाळकाचा हात धरून म्हणाला की आता हिचे वडील तुम्ही. 'भाकरीला जायचंय' हे त्याचे शेवटचे शब्द. स्वर्गातली भाकर.

व्हिडिओत मी शेजारी उभी आहे. हसतेय.

शेवटी विचारलं, युन आजींच्या घरची शेवंतीची उपासना कोणाची होती? मिस चोई म्हणाल्या, "आपके पिताजी की. दादीजी हर साल करती हैं."

दर वर्षी. आणि त्या आमेनला माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

१४ जानेवारी, मंगळवार

पपांच्या ऑफिसात गेले. वाटलं होतं नाकारतील, मग मी ओरडेन. त्यांनी नाकारलं नाही. दार लावून घेतलं, मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"बेटा, ती मंडळी अनाथ मुलींसाठीच मदत देते. त्यांचा नियमच तसा आहे. इथल्या निम्म्या मुलींना आई नाहीतर बाप आहे. त्यांना मी परत कुठं पाठवू?"

"आणि दारुडा?"

"साक्ष लोकांच्या काळजाला भिडावी लागते. प्रभूनं दाखले सांगितले, ते काय घडलेलेच होते?"

"प्रभूनं दाखल्यात कोणाच्या खऱ्या बापाला मारलं नाही, पपा."

हे बोलताना तोंडातून 'पपा' आलं त्याची मला किळस आली. बारा वर्षं हा शब्द कोणाच्या जागेवर बसला होता, ते आज समजलं.

ते रागावले नाहीत. उलट डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "माझ्यावर राग काढ. पण आधी अण्णांना विचार. मी त्यांना न विचारता काही केलेलं नाही."

हे लिहायला मला एक तास लागला. अण्णांकडे गेले. रिक्षा धूत होते. मी म्हटलं, तुम्ही कोरियात मेलेले आहात, माहीत आहे का? त्यांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला, नळ बंद केला.

"व्हय. तुपल्या पाचवीतच मेलो मी, बाई."

मी खाली बसले, ओल्या फरशीवर.

"तुपली आई गेली. मी रातच्याला गाडीवर. तुला खोलीत ठिवून भायेरून कडी लावून जायचो. सकाळी यायचो तं तू दाराला टेकून झोपल्याली. साहेब म्हणले, मायबाप नसंल तरच जागा हाय. म्हणलं, मंग नाय म्हणून सांगा. तिकडं मेलो तं इथं का बिघडतंय? भाकर तं खातोय ना मी?"

"मला कामून सांगितलं नाय?"

"सांगितलं असतं तं तुला खोटं बोलावं लागलं असतं. तुला त्यात वढायचं नव्हतं."

मी ओरडले. म्हटलं, मग मला पुलपिटवर उभं करून तेच बोलायला लावलं! तुम्ही दारू पिता, आईला मारायचे, असं माझ्या तोंडावर सांगितलं त्यांनी.

अण्णांचा चेहरा बदलला. हे त्यांना माहीत नव्हतं. मरण्याला कबूल होते, एवढंच.

"दारू?" ते म्हणाले. "मी तं शिवलो बी नाय कधी. तुपल्या मायवर हात..." कानटोपीच्या गोंड्याशी खेळले होते तसे ते हातातल्या फडक्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, "असूं दे. मेल्या माणसाला का."

मला त्यांना जवळ घ्यायचं होतं आणि त्यांच्या अंगावर ओरडायचंही होतं. यातलं काहीच केलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. पपांना, मम्मींना, द्वारकाबाईंना, अण्णांना. मी एकटीच शेंबडी पोर, जिच्याभोवती सगळ्यांनी मिळून हे रचलं. सेमिनरी, कोरिया, माझं ते बोलावणं, सगळं एका मेलेल्या बापावर उभं आहे. आणि तो बाप रोज कांदे वाहतो.

१७ जानेवारी, शुक्रवार

मंडळी काल आली. हार घातले, फोटो झाले. युन आजींनी मला मिठी मारली. त्या थकल्यात, काठी आली हातात. मला त्यांच्यावर राग धरता येत नाही. त्यांना माझ्यापेक्षा जास्त फसवलं आहे.

अण्णांना निरोप नाही, स्वतः जाऊन सांगितलं. रविवारी तुम्ही पहिल्या बाकावर बसणार असाल तरच मी बोलेन. नाहीतर पुलपिटवर चढून सांगेन की तब्येत बरी नाही, आणि पुन्हा कधी चढणार नाही. मला तुमचं नाव घ्यायचंय, तुमच्या तोंडासमोर.

"अन् पोरी?" ते म्हणाले. "त्या बारक्या पोरींचं का?"

मी म्हटलं, युन आजी दगड नाहीत. खरं कळलं तरी त्या पोरींना टाकणार नाहीत. मला एवढी खात्री कुठून आली होती कोण जाणे. पण बोलताना खरंच वाटत होतं.

अण्णांनी गाडीची चावी खिशात टाकली. मग म्हणाले, "येतो."

"नक्की?"

"येतो म्हणलं ना. कांदा मोतीराम आणंल." मोतीराम त्यांचा जोडीदार. म्हणजे ठरलं होतं. मला हलकं वाटलं. या आठवड्यात पहिल्यांदा जेवण गेलं.

१९ जानेवारी, रविवार

अण्णा आले. मी शपथेवर लिहिते, ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, हातात गीतांचं पुस्तक. पहिल्या बाकावर बसले, उजव्या कडेला. डावीकडे पाहुणे, मध्ये वाट. मागं सतरंजीवर होस्टेलच्या मुली, लाल रिबिनी लावून. पपांनी अण्णांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. तरी ते शेजारच्या माइकवर येऊन उभे राहिले, नेहमीसारखे.

मी तोच दाखला घेतला. मराठीत बोलत होते. आपल्या लोकांना सगळं कळत होतं, आणि बसच्या गोष्टीला ते हसले. खरंखुरं, पोट धरून. अण्णासुद्धा हसले, मान खाली घालून. पपा काय सांगत होते मला माहीत नाही, पण बसच्या गोष्टीत 'आबोजी' एकदाही आलं नाही. मग मी म्हटलं, "तो धावणारा बाप आज इथं बसला आहे," आणि हात केला. पपांनी काहीतरी भाषांतर केलं, आणि पाहुण्यांनी छताकडे बघून आमेन म्हटलं. पपांनी माझ्या बापाला पुन्हा स्वर्गात नेऊन बसवलं होतं.

मी पुलपिटवरून खाली उतरले. मिस चोईंना हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दादीजी को बताइए, ये मेरे पिताजी हैं. ज़िंदा हैं." मिस चोई उठल्याच नाहीत, त्यांनी बसल्या जागी आजींच्या कानात सांगितलं. आजींनी ते दोनदा विचारून घेतलं. मग काठी बाकावर ठेवून त्या उठल्या, वाट ओलांडून अण्णांसमोर गेल्या आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. अण्णा उभे राहिले.

आजी काहीतरी बोलल्या. मागोमाग आलेल्या मिस चोई म्हणाल्या, "दादीजी पूछ रही हैं, आप तबिथा के पिताजी हैं?"

अण्णांनी पपांकडे पाहिलं नाही. मागं पाहिलं, सतरंजीवरच्या मुलींकडे. मग माझ्याकडे. मी मान हलवत होते, बोला, बोला अण्णा.

"नहीं जी," अण्णा म्हणाले. "मैं चाचा होता इसका. याद आई तो पोरगी ऐसा बोल देती कभी. बाप इसका गया. कब का गया."

मिस चोईंनी सांगितलं. आजींचा चेहरा उतरला, पण त्यांनी हात सोडला नाही. त्या मान डोलवत होत्या, आजारी माणसाची समजूत घालावी तशा माझ्याकडे बघत. अण्णांनी घसा साफ केला.

"लेकिन दारू नहीं पीता था जी वो. घर में हाथ बी नहीं उठाया कबी. वो गलत सुने आप. इतना बोल देना दादी को."

पपांनी माइकवर प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, आणि अण्णांचेही उघडे होते, पण ते जमिनीकडे बघत होते.

त्यानंतर जेवणं झाली. पाहुण्यांनी मुलींना खाऊ वाटला. आजींनी मला छातीशी धरलं आणि मी लाकडासारखी उभी राहिले. पपा जवळून जाताना हळूच म्हणाले, "तुझे अण्णा थोर आहेत." पपांनी फसवलं ते मी सोसलं असतं. त्यांच्याशी भांडायला मला एक माणूस हवा होता, एकच, आणि मी त्याला स्वतः घेऊन आले होते. खोटं पपांचं होतं तोवर मी खरी होते. आता अण्णांनी ते आपल्या तोंडानं, माझ्या डोळ्यांदेखत, पहिल्या बाकाशी उभं राहून आपलंसं केलं. मुलींसाठी केलं, माझ्यासाठी केलं, हे मला कळतं. कळून काय करू? मला विचारलं कोणी?

चर्चबाहेर रिक्षा उभी होती. अण्णांनी शेजारची जागा फडक्यानं पुसली. मी पुढं बसले नाही. मागं हौद्यात चढले आणि ताडपत्रीवर बसले. त्यांनी रिक्षा सुरू केली. पडेगावच्या वळणाला रिक्षा हळू झाली, तेव्हा मागच्या खिडकीतून त्यांचा आवाज आला.

"चांगलं बोललीस. तेवढं लई भरभर बोलतीस."

हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. आणि ते मला माझ्या चुलत्यानं सांगितलं.